अमाइड बंध आणि धातूंची मध्यस्थी : अध्यक्षीय भाषण

अमाइड बंध म्हणजे कार्बोनिल गटातील कार्बन आणि नायट्रोजन यांची जोड. तो आपल्या ताटातही सापडतो. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला पुरी आणि वांग्याची भाजी असते. पुरीची कणीक ताणली तरी चटकन तुटत नाही, ती गव्हातील ग्लुटेनमुळे. त्या प्रथिनाच्या साखळीतील प्रत्येक अमिनो आम्ल पुढच्याशी अमाइड बंधानेच जोडलेले असते. भाजीला तिखटपणा देणाऱ्या मिरचीतील कॅप्सायसिनच्या रेणूतही हाच बंध आहे. पॅरासिटामॉल, पेनिसिलिन, नायलॉन आणि शेतात पडणारा युरिया हे सारे याच कुळातले.

हा बंध कागदावर सोपा दिसतो. कार्बोक्झिलिक आम्ल आणि अमाइन एकत्र आणायचे, पाण्याचा एक रेणू बाहेर पडला की झाले. प्रत्यक्षात आम्ल आपला प्रोटॉन अमाइनला देऊन टाकते आणि दोघांचा क्षार तयार होतो. प्रोटॉन घेतलेल्या नायट्रोजनला कार्बनवर हल्ला करता येत नाही आणि ऋणभारित झालेला आम्लाचा गटही हल्ला ओढवून घेत नाही. हा तिढा नुसत्या उष्णतेने सोडवायचा तर सहसा १६० अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते. नायलॉन ते सहन करतो, औषधाचे नाजूक रेणू करत नाहीत.

म्हणून आम्लाला आधी सक्रिय करून घेण्याची रीत पडली. १९५५ मध्ये शीहान आणि हेस यांनी त्यासाठी डायसायक्लोहेक्झिल कार्बोडायइमाइड, म्हणजे डीसीसी, वापरले. रीत खात्रीची आहे, पण तिचा हिशेब पाहण्यासारखा आहे. बेंझॉइक आम्ल १२२ ग्रॅम आणि बेंझिलअमाइन १०७ ग्रॅम यांपासून जास्तीत जास्त २११ ग्रॅम अमाइड मिळते. त्यासाठी डीसीसी लागते २०६ ग्रॅम, आणि शेवटी हाती उरतो २२४ ग्रॅम युरियाजन्य उपपदार्थ. मालापेक्षा टाकाऊच जास्त. २००७ मध्ये औषध कंपन्यांच्या हरित रसायन गटाने हव्या असलेल्या सुधारित अभिक्रियांची यादी केली, तेव्हा अशा टाकाऊ वाढवणाऱ्या अभिकर्मकांशिवाय अमाइड बनवणे हे काम त्यांनी अग्रक्रमावर ठेवले. हा टाकाऊ वजा करण्यातच धातू-उत्प्रेरकांचे महत्त्व आहे.

पहिली वाट आम्ल आणि अमाइन यांच्या थेट जोडणीची. झिर्कोनिअम आणि टायटॅनिअम यांना ऑक्सिजनची ओढ असते. ते आम्लाच्या ऑक्सिजनला धरतात, त्यामुळे कार्बन इलेक्ट्रॉनसाठी अधिक भुकेला होतो आणि अमाइनचे काम सोपे होते. २०१२ मध्ये स्टॉकहोमच्या अॅडॉल्फसन यांच्या गटाने झिर्कोनिअम क्लोराइड वापरून ७० अंशांना अशी अमाइडे बनवली. सुटणारे पाणी मात्र सच्छिद्र खड्यांनी शोषून घ्यावे लागते. वरच्या उदाहरणात या वाटेने उरते ते फक्त १८ ग्रॅम पाणी.

दुसरी वाट आम्लालाच फाटा देते. २००७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत चिदंबरम गुणनाथन आणि डेव्हिड मिलस्टीन यांनी रुथेनिअमच्या संयुगाने अल्कोहोल आणि अमाइन थेट जोडून दाखवले. उत्प्रेरक लागला ०.१ मोल टक्के, म्हणजे हजार रेणूंमागे एक. धातू आधी अल्कोहोलमधून हायड्रोजन काढून घेतो. तयार झालेल्या अल्डिहाइडला अमाइन चिकटते आणि त्या मधल्या रेणूतून धातू पुन्हा हायड्रोजन काढतो. त्या क्षणी पाणी सुटले असते, तर अमाइडऐवजी इमाइन मिळाले असते. उत्प्रेरकाची कसोटी तिथेच लागते. बेंझिल अल्कोहोल १०८ आणि बेंझिलअमाइन १०७ ग्रॅम धरले, तर २११ ग्रॅम अमाइड आणि ४ ग्रॅम हायड्रोजन वायू असा हिशेब बसतो.

तिसरी वाट पॅलेडिअमची. १९७४ मध्ये रिचर्ड हेक यांच्या प्रयोगशाळेने अॅरिल हॅलाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि अमाइन यांपासून अमाइड बनवले. पॅलेडिअम कार्बन-हॅलोजन बंधात शिरतो, मोनॉक्साइडला त्यात सामावून घेतो आणि मग अमाइन येऊन बंध पुरा करते. रोश कंपनीने लॅझाबेमाइड या औषधाची आठ पायऱ्यांची कृती या मार्गाने एका पायरीवर आणली. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत भालचंद्र भानगे यांच्या गटाने कोळशावर बसवलेले पॅलेडिअम फॉस्फिनशिवाय वापरले. असे घन उत्प्रेरक गाळून पुन्हा कामाला लावता येतात.

या वाटांच्या कितीतरी आधीपासून धातू शेतात हे काम करत आले आहेत. मेहकर तालुक्यातील सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणूंचे लोह आणि मॉलिब्डेनमयुक्त विकर हवेतील नायट्रोजनचा अमोनिया करते. मग ग्लुटामिन सिंथेटेज हे विकर मॅग्नेशिअमच्या मदतीने तो अमोनिया ग्लुटामिक आम्लाला जोडते आणि अमाइड तयार होते. आम्ल सक्रिय करण्याचा खर्च इथेही चुकत नाही. वनस्पती तो एटीपीच्या रूपाने भरते. उलट जमिनीत पडलेल्या युरियाचे बंध तोडणाऱ्या युरीएज विकरात निकेल असते. अशी धातूयुक्त विकरे उद्योगातही आली. जपानमध्ये १९८५ पासून अॅक्रिलोनायट्राइलचे अॅक्रिलअमाइड करण्यासाठी लोहयुक्त विकराचे जिवाणू कारखान्यात राबू लागले. तिथे पाणी रेणूत सामावले जाते, उपपदार्थ उरतच नाही.

धातूंच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. रुथेनिअम आणि पॅलेडिअम महाग आहेत. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून या प्रत्येक धातूचे दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक प्रमाण पोटात जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यामुळे शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे. जास्त तापवल्यास अमिनो आम्लांची डावी-उजवी ठेवण बिघडू शकते, म्हणून पेप्टाइडे बनवताना आजही जुने सक्रियक वापरले जातात. साधे, उष्णता सोसणारे रेणू मोठ्या प्रमाणावर हवे असतील तर झिर्कोनिअम सोयीचे; अल्कोहोल हाताशी असेल तर रुथेनिअम; सुगंधी वलयावर हॅलोजन असेल तर पॅलेडिअम. निवड करताना उत्पादनाच्या टक्क्यांबरोबर तळाशी उरलेल्या टाकाऊचे वजनही मांडावे लागते.