जोखीम कोणाची, भुयार कोणाचे?



सार्वजनिक-खासगी भागीदारी हा शब्द आता आपल्या महापालिकांच्या सभागृहांतही नित्याचा झाला आहे. खासगी कंपनी पैसा आणील, जोखीम उचलील आणि शासनाचा भार हलका होईल, असे त्याचे समर्थन केले जाते. भुयारी रेल्वेच्या बाबतीत मला ते मान्य नाही. का, हे सांगण्यासाठी लंडनचे उदाहरण घेतो. जगातील पहिली भुयारी रेल्वे १८६३ साली तिथेच धावली.

१९९८ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने या रेल्वेचे अर्धे खासगीकरण जाहीर केले. गाड्या चालविणे सरकारी संस्थेकडे. रूळ, बोगदे, सिग्नल व डबे यांची देखभाल आणि नूतनीकरण तीस वर्षांसाठी खासगी कंपन्यांकडे! केन लिव्हिंगस्टन यांनी या योजनेला कडाडून विरोध केला. पक्षाने उमेदवारी दुसऱ्याला दिली, तेव्हा ते अपक्ष उभे राहिले आणि २००० साली लंडनचे महापौर झाले. जनतेचा कौल असा स्पष्ट असूनही करार पुरे होईपर्यंत सरकारने रेल्वे त्यांच्या हाती दिली नाही. ते न्यायालयात गेले, तिथेही हरले. कामगार संघटनांनी संप केले. लाल बावट्याशी आपले जमत नाही, हे मी लपवीत नाही. पण सुरक्षिततेविषयी त्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. ऑक्टोबर २००० मध्येच हॅटफील्ड येथे, खासगी झालेल्या लोहमार्गावर, तडे गेलेला रूळ तुटून चार जण दगावले होते.

करार झाले २००२ आणि २००३ मध्ये. केवळ ते ठरविण्यात सुमारे ४५.५ कोटी पौंड खर्ची पडले. सल्लागार व वकील यांची चंगळ झाली असणार! नऊ मार्ग मेट्रोनेट या कंपनीकडे गेले. तिचे भागधारक पाच बड्या कंपन्या. भांडवल ३५ कोटी पौंड. गंमत अशी, की तिची बहुतेक कामे याच भागधारकांना मिळत. काम देणारे तेच आणि घेणारेही तेच. मग खर्चाला लगाम कोण घालणार? खर्च भडकला आणि जुलै २००७ मध्ये मेट्रोनेट दिवाळखोरीत निघाली.

आता जोखमीचे पाहू. कंपनीच्या कर्जापैकी ९५ टक्के रकमेची हमी सार्वजनिक संस्थेने आधीच देऊन ठेवली होती. भागधारकांचे भांडवल बुडाले, पण कर्ज भागविण्यासाठी सरकारला १७० कोटी पौंड मोजावे लागले. ते कोणाचे? करदात्यांचे. २०१० मध्ये ट्यूब लाइन्स ही उरलेली कंपनीही ३१ कोटी पौंडांना विकत घेऊन लंडनने आपली रेल्वे परत मिळविली. तीस वर्षांचा संसार आठ वर्षेही टिकला नाही. भुयारी रेल्वे एक दिवसही बंद ठेवता येत नाही, हे कंपनी जाणते आणि कर्ज देणारी बँकही जाणते.

हे विलायतेतच घडते असे नाही. दिल्लीच्या विमानतळ मार्गावर बांधकाम दिल्ली मेट्रोचे आणि गाड्या खासगी कंपनीच्या, अशी विभागणी होती. २०११ साली मार्ग सुरू झाला, २०१२ मध्ये बांधकामातील दोषांमुळे बंद पडला. दोष कोणाचा, यावरून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात २०२४ पर्यंत चालला. गाड्या मात्र जुलै २०१३ पासून दिल्ली मेट्रोच चालवीत होती.