काचेच्या विटा

आमच्या गटातल्या एका ताईंच्या स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लागायचा. मागे अरुंद बोळ. खिडकी काढली तर येणाऱ्याजाणाऱ्याची नजर थेट ओट्यावर. म्हणून आम्ही गटातून कर्ज दिलं आणि लहरींच्या काचेच्या विटा आणल्या. उजेड येतो, आतलं स्पष्ट दिसत नाही.

गवंडीदादांनी नेहमीसारखा पातळ माल कालवला आणि एका दिवसात सगळे थर चढवले. पण काच पाणी शोषत नाही! संध्याकाळपर्यंत विटा सरकल्या. उतरवताना तीन फुटल्या, हप्ता मात्र तेवढाच.

दुसऱ्यांदा आम्ही सगळ्याजणी जातीनं उभ्या राहिलो. माल घट्ट, दिवसाला तीनच थर, सांध्यांत सळई. ही वीट तोडून बसवता येत नाही, म्हणून माप आधी घेतलं: १९ सेंटिमीटरची वीट, १ सेंटिमीटरचा सांधा, मीटरभरात ५ विटा. वरचा भार लिंटेलवर, काचेवर नाही. कडेला आणि वर थोडी फट ठेवून ती सिलिकॉनने भरली. वारा मात्र यातून येत नाही. फोडणीच्या धुरासाठी झरोका वेगळा काढावा लागला.

आता ताई दिवा न लावता तांदूळ निवडतात. चार हप्ते बाकी आहेत.