खिडकीपाशी की माळ्यावर?

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडे जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. सामान बांधताना कितीतरी घरांत एका वस्तूपाशी हात थांबतो. ती वस्तू म्हणजे आजीचं शिवणाचं मशीन. न्यायचं की भंगारात द्यायचं? मुलगा विचारतो, सून गप्प बसते आणि आजी दुसरीकडे बघते. आज या प्रश्नाचा जमाखर्च मांडू या.

आधी जमेची बाजू. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं सिंगर आपल्याकडे बहुधा स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकहून आलेलं असतं. तो कारखाना १८८५ साली उघडला आणि १९८० साली बंद पडला. हिंदुस्थानातला सिंगरचा कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी अनेक वर्षं सांभाळला. पुढे १९३०च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सची ‘उषा’ आली. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या मशीनला अपवाद केलं होतं.

ही मशीनं टिकतात, कारण त्यांचं अंग बिडाचं आणि आतले भाग पोलादी. वीज लागत नाही. जाड कापडाचे चार पदर एकावर एक आले तरी सुई कचरत नाही. बिघडलं तर उघडून दुरुस्त करता येतं.

आता खर्चाची बाजू. पायाचं मशीन जड, दोघांशिवाय हलत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सुरुवातीच्या इमारतींत २२५ चौरस फुटांची घरं मिळाली. तिथे पलंग मांडायचा की मशीन, असा प्रश्न असतो. टाका फक्त सरळ पडतो. पिको होत नाही, ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टच्या कापडावर टाके सुटतात. फार जुन्या मशीनमध्ये होडीसारखं शटल आणि लांबट बॉबीन असते, ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. आणि घरातलं खोबरेल कोणी घातलं, तर ते सुकून चिकट होतं, चाक जागचं हलत नाही. मशीनचंच तेल घालावं.

काही जण ‘ॲन्टीक’ म्हणून किमतीची स्वप्नं पाहतात. २००९ साली सौदी अरेबियात अफवा उठली, की जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ असतो. लोकांनी अवाच्या सवा पैसे मोजले. पारा कुठला निघायला! सिंगरने ही मशीनं लाखांनी बनवली. त्यामुळे नुसत्या वयाने त्यांना मोल येत नाही.

मग मोल कशाने येतं? आमच्या अम्मीने परकर-ब्लाउज शिवून आम्हा भावंडांच्या फिया भरल्या. माझी बी.ए.ची पदवी त्या टाक्यांवर उभी आहे. अशी घरं उपनगरांत गल्लोगल्ली होती, अजून आहेत. पुरुषाची गिरणी बंद पडली, कोणाचा संसार अर्ध्यावर मोडला, तेव्हा बाईला उंबरठा न ओलांडता चार पैसे याच मशीनने दिले. मशीन भंगारात काढताना आजी दुसरीकडे का बघते, ते यावरून समजावं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. घरात कोणी शिवणार असेल, मुलगी, सून, नातू, कोणीही, तर मशीन न्या आणि उजेड येईल अशा खिडकीपाशी मांडा. आजी आहे तोवर दोरा ओवायला, ताण जुळवायला तिच्याकडून शिकून घ्या. ते कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर येईल. कोणीच शिवणार नसेल, तर लोखंडी पायावर काच टाकून टेबल करू नका आणि माळ्यावरही चढवू नका. तेल घाला, पट्टा बदला आणि शिवणकाम शिकणाऱ्या एखाद्या मुलीला देऊन टाका.

मात्र देण्याआधी आजीला विचारा. ते मशीन तिचं आहे.