सायकलमागची माणसे
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या वसतिगृहाच्या निधीसाठी पाच तरुण नागपूरहून मुंबईला सायकलने निघणार आहेत. आताच त्यांना हार घातले गेले, टाळ्या झाल्या. त्या योग्यच होत्या. परंतु त्यांच्या मागच्या गाडीत कोण बसणार, हे अजून कुणी विचारलेले नाही. आम्ही आज त्याच प्रश्नावर बोलणार आहोत.

‘रेस अक्रॉस अमेरिका’ नावाची एक शर्यत आहे. १९८२ साली अवघ्या चार सायकलस्वारांनी ती सुरू केली. २०१५ साली तिचा मार्ग असा होता: कॅलिफोर्नियातील ओशनसाइड येथून निघायचे आणि सुमारे ४,८०० किलोमीटर तोडून अ‍ॅनापोलिसला पोहोचायचे. वाटेत वाळवंट, कोलोरॅडोचे घाट आणि संपता न संपणारे कॅन्ससचे माळरान. घड्याळ रात्रीही थांबत नाही. आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. वेळ लागला ८ दिवस, १४ तास, ५५ मिनिटे. मुदत होती ९ दिवसांची. म्हणजे खाणे, झोपणे, चढ-उतार सर्व धरून ताशी सुमारे २३ किलोमीटर! संघाचे नाव होते ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’. आदिवासी बांधवांच्या डोळ्यांचा प्रश्न लोकांसमोर यावा, त्यासाठी मदत उभी राहावी, हा हेतू होता. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी छोट्या शस्त्रक्रियेने परत येते. पण डोंगरातल्या पाड्यावरच्या आजीला दवाखान्यापर्यंत आणणार कोण? एका अर्थाने तोही सोबतच्या माणसाचाच प्रश्न आहे.

दोघांच्या संघात एक जण सायकल चालवितो, तेव्हा दुसरा गाडीत पाठ टेकतो. पाळी बदलली की ज्याने विश्रांती घेतली तो पुन्हा सायकलवर. पण गाडी चालविणाऱ्याला, रस्ता दाखविणाऱ्याला, पाणी नि खाणे हाती देणाऱ्याला अशी विश्रांती कुठली? सायकलस्वाराने किती पाणी प्यायले, मीठ किती गेले, याची नोंद तेच ठेवतात. रात्री तर सोबतच्या गाडीने सायकलच्या अगदी मागे चालावे, असा नियमच आहे. तिच्या दिव्यांच्या उजेडाबाहेर सायकल जाता कामा नये. गाडी थांबली की सायकलही थांबली. एकट्याने जाणाऱ्यांची अवस्था याहून कठीण. त्यांना १२ दिवसांची मुदत असते. काहींच्या मानेचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरवत नाही. लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. ‘एकट्याने’ हा शब्द आम्ही शर्यतीच्या भाषेत वापरला. मागे माणसे होतीच.

एवढी व्यवस्था असूनही २००५ साली बॉब ब्रीडलव्ह हे अनुभवी अमेरिकन शल्यचिकित्सक याच शर्यतीत वाहनाशी टक्कर होऊन मरण पावले. कुणाला भीती घालावी म्हणून आम्ही हे सांगत नाही. आपली मुले ज्या रस्त्याने जाणार, तिथे मालट्रक आहेत, ऊस आणि कापूस लादलेले ट्रॅक्टर आहेत, ज्यांच्या मागे लाल दिवाही नसतो. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही. जावे लागेल ते जुन्याच रस्त्याने. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, मागे गाडी नसेल तर अंधारात एक किलोमीटरही सायकल चालवू नये. मग मुंबईला एक दिवस उशिरा पोहोचलो तरी चालेल. स्वागताला जमलेल्यांनी थोडे थांबावे.

आता पैशाविषयी. मोलमजुरी करणारी बाई वसतिगृहासाठी म्हणून दहा रुपये देते. त्या दहा रुपयांतून गाडीचे डिझेल भरले, तर तिला आपण काय सांगणार? प्रवासाचा खर्च वेगळा उभा करावा, त्याचे पावतीपुस्तक वेगळे असावे आणि दोन्ही हिशेब फलकावर लावावेत. टी-शर्टांची हौस ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून करावी. हे काहींना कंजूषपणाचे वाटेल, वाटू द्या.

सामानाची यादी झाली आहे: ट्यूब, पंप, पाने, पंक्चरचे सामान, मलमपट्टी, मीठ-साखरेचे पाणी. स्वयंपाकाची जबाबदारी आपल्या महिला मंडळाच्या दोन भगिनींनी घेतली आहे. सत्काराच्या वेळी त्यांची नावे पुकारायची राहिली, ती अध्यक्षांनी आता पुकारावीत, ही विनंती.

गाडी मिळाली आहे. चालक मात्र एकच आहे. रात्रंदिवस एकाच माणसाने गाडी हाकणे आम्हांला मान्य नाही. आणखी दोन चालक हवेत, परवाना असलेले आणि आठवड्याची रजा मिळू शकेल असे. त्यांनी सभा संपताच चिटणीसांकडे नाव द्यावे. जय भीम!