चित्रवहीचा खेळ

सुशिक्षित घरात कागदाला तोटा नसतो. विजेची बिले, बँकेची पुस्तके, मुलांच्या वह्या, लग्नपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या, जुनी मासिके यांनी कपाटाचा एखादा कप्पा भरलेला असतोच. परंतु या साऱ्या ढिगात घरातील कर्त्या माणसाने केवळ मौजेखातर काढलेली एक रेघ शोधू गेल्यास ती क्वचितच हाती लागते. बहुतेक प्रत्येक मूल चित्रे काढते. आणि मोठेपणी, कोणी मनाई केलेली नसतानाही, तोच हात रेघ ओढावयाला कचरतो. हा हात पुन्हा मोकळा कसा व्हावा, आणि स्फूर्ती म्हणून जिला म्हणतात ती नेमकी कोठे भेटावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयाला बल्लारपूर हे गाव फार सोयीचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले हे गाव एके काळी गोंड राजांची राजधानी होते, आणि त्यांचा किल्ला आजही नदीकाठी उभा आहे. आगगाडीचा प्रवासी त्याला बल्लारशाह या नावाने ओळखतो. कोळसा, सागवान आणि कागद या तीन गोष्टींनी गावाचा अर्वाचीन संसार चालविला. १९४५ साली येथे कागदाच्या धंद्यासाठी कंपनी स्थापन झाली आणि भोवतालच्या रानातील बांबूला एक नवाच जन्म मिळाला. बांबूच्या ढलप्या करावयाच्या, रासायनिक द्रावणात दाबाखाली शिजवून त्यांचा लगदा करावयाचा, तो धुऊन, उजळून, कुटून बारीक जाळीवर पसरावयाचा, पाणी निथळले की दाबून तापलेल्या रुळांवरून वाळवावयाचा, असा तो क्रम असतो. म्हणजे ज्या कोऱ्या तावाची माणसाला एवढी धास्ती वाटते, तो ताव स्वतः मोडलेल्या, कुटलेल्या आणि पुन्हा एकत्र आलेल्या तंतूंचा बनलेला असतो. त्याच्यावर आणखी चार तुकडे डकविले, तर त्याचा काही अपमान होत नाही.

चित्रवही म्हणजे चित्रकलेची वही नव्हे, रोजनिशी नव्हे आणि कात्रणांचा संग्रहही नव्हे. तिघींचे थोडेथोडे घेऊन झालेली ती चौथीच वस्तू होय. तिच्या एका पानावर बाजारातून आलेल्या पुडीचा छापील कागद चिकटविलेला असेल, त्याच्या कडेने शाईची नक्षी असेल, खाली दोन ओळींत त्या दिवशीची हकीकत असेल आणि कोपऱ्यात चहाच्या कपाचा उमटलेला गोल डाग असेल. त्या डागाला चार रेघा जोडून सूर्य केला, तर तो सूर्य; चाक केले, तर चाक. इंग्रजी शिकलेली मंडळी हिला आर्ट जर्नल म्हणतात. नाव नवे असले, तरी तिच्यामागची वृत्ती महाराष्ट्राला नवी नाही.

चैत्र महिन्यात अंगणात काढल्या जाणाऱ्या चैत्रांगणाचेच उदाहरण घ्यावे. शंख, चक्र, तुळशीवृंदावन, पाळणा, हत्ती, गौरीची पावले अशी लहान-लहान चिन्हे तेथे एकाच चौकटीत शेजारीशेजारी नांदतात; ती काढणाऱ्या सुवासिनीने चित्रशाळेची पायरी पाहिलेली नसते. दुसरे उदाहरण राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांचे. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. घरोघरच्या हौशी हातांनी त्या चित्रांतील देवतांना खऱ्या कापडाची लुगडी नेसविली, जरीचे काठ लावले, टिकल्या आणि मणी चिकटवून दागिने घातले, आणि मग चित्रे काचेत बसविली. छापील कागद, कापड, जर आणि मणी यांचा असा संयोग साधताना आपण काही कला करीत आहोत, असा आविर्भाव कोणी आणला नाही. हौस होती, हाताशी चिंध्या होत्या, तेवढे पुरेसे झाले.

मग आजच्या शिकलेल्या हाताला संकोच का वाटावा? याचे उत्तर पुष्कळदा शाळेत सापडते. चित्रकलेच्या वहीवर तांबड्या शाईने दहापैकी चार गुण पडतात, किंवा कोणी वडीलधारे माणूस सहज म्हणून जाते की याचा हात काही चित्राचा नव्हे. बोलणारा ते वाक्य संध्याकाळपर्यंत विसरतो. ऐकणारा चाळीस वर्षे बाळगतो. घरीदेखील शाळेचा प्रकल्प मुलाच्या नावाने आईबाप पूर्ण करितात, कारण तो नीटनेटका दिसला पाहिजे. अशा रीतीने मुलाला लहानपणीच दोन गोष्टी कळतात: कागदावरची प्रत्येक खूण कोणीतरी तपासणार आहे, आणि आपली खूण आहे तशी चालणार नाही. चित्रवहीचे खरे महत्त्व येथे आहे. तिला परीक्षक नसतो. मनुष्याला वाईट काम करण्याची मुभा देणाऱ्या जागा जगात फार थोड्या आहेत, आणि वाईट काम केल्यावाचून चांगले हाती येत नाही.

आता स्फूर्तीविषयी. प्रथम मनात कल्पना चमकते आणि नंतर हात चालतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात क्रम पुष्कळदा उलटा असतो. मेरी डिलेनी या इंग्रज विधवा बाईंची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, म्हणजे सुमारे १७७२ साली, त्यांना रंगीत कागदाचा एक तुकडा आणि जिरेनियमच्या फुलाची पाकळी यांच्या रंगात विलक्षण साम्य दिसले. त्यांनी कात्री घेतली, पाकळ्या कातरल्या आणि काळ्या कागदावर फूल डकविले. पुढल्या दहा वर्षांत अशी जवळजवळ एक हजार फुले त्यांनी केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांना कागदाने बोलाविले होते. त्यांनी फक्त ओ दिली.

रवींद्रनाथांचे उदाहरण तर सर्वांच्या ओळखीचे असावे. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द त्यांना नुसते खोडून ठेववत नसत. ते त्या खोडांना एकमेकींशी जोडीत आणि त्यांतून पक्षी, चेहरे व अद्भुत प्राणी निर्माण होत. १९२४ साली, 'पूरबी'च्या हस्तलिखितात, हा खेळ बहरास आला. तेव्हा त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. चुकीतून चित्रकार जन्मास आला तो असा. मराठी घरात जवळचे नाव घ्यावयाचे, तर प्रभाकर बरवे यांचे घ्यावे. पान, घड्याळ यांसारख्या अगदी साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत वेगळाच अर्थ घेऊन येतात. या थोर चित्रकाराने आपल्या वह्यांतून टिपणे आणि रेखाटने करून ठेविली, आणि १९९० साली 'कोरा कॅनव्हास' या मराठी पुस्तकात आपले कलाविषयक चिंतन मांडले. इतक्या अधिकारी पुरुषालाही आधी वहीशी बोलावेसे वाटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सामग्रीसाठी मोठ्या शहरातील दुकान गाठण्याचे कारण नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर रान हेच दुकान आहे. सागाचे कोवळे पान बोटांत चुरडले की बोटे तांबडी होतात. तोच रंग कागदावर घासता येतो. फाल्गुनात गळलेली पळसाची फुले पाण्यात उकळली की केशरी-पिवळे पाणी मिळते. ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीप्रमाणे चौकटी-चौकटींनी तडकलेली असते. तिच्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवावी, म्हणजे सारे खवले कागदावर उतरतात. नाण्यावर कागद ठेवून राजमुद्रा उमटविणाऱ्या शाळकरी पोराला ही युक्ती ठाऊकच असते. पिंपळाचे पान पुष्कळ दिवस पाण्यात कुजविले की मांसल भाग सुटून शिरांची जाळी उरते. कोळशाचा तुकडा, विटेचा चुरा, हळद, काजळ ही मंडळी घरचीच. मात्र एक पथ्य पाळावे. रानात पडलेले पानच उचलावे. आणि ताडोब्यासारख्या राखीव जंगलात तर तेही उचलू नये, डोळ्यांत साठवून घरी येऊन काढावे.

कारागिरीच्या दोन-चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांच्या अभावी पुष्कळ वह्या पहिल्याच महिन्यात बाद होतात. ओले पान वहीत चिकटवू नये; रद्दीच्या कागदात घालून वजनाखाली पंधरा दिवस वाळवावे, नाहीतर बुरशी येते. चिकटविण्यास मैद्याची खळ उत्तम. बुक बांधणारे तीत किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालीत; परंतु ते विषारी असल्यामुळे मुले असलेल्या घरात त्यापेक्षा बाजारी गोंद बरा. वहीत वस्तू डकविल्या की ती फुगते आणि शिवण तुटते. यास उपाय म्हणजे दर दोन पानांआड एक पान शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून कापून टाकावे. कापलेली पाने पुन्हा चिकटविण्याच्या कामी येतात. वनस्पतींचे रंग उन्हात लवकर विटतात, तरी मिटलेल्या वहीत ते अधिक काळ तग धरतात. आणि विटले, तरी त्यात मोठे नुकसान नाही. वयोमानाने फिकट होणे हा वहीचाही हक्क आहे.

नियम थोडे असावेत. प्रत्येक पानावर तारीख घालावी. बसण्याची वेळ लहान असावी. पाव तास पुरे. बिघडलेले पान फाडू नये, त्याच्यावर दुसरा कागद डकवावा किंवा ते तसेच राहू द्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वही उठल्यासुटल्या लोकांना दाखवू नये. हल्ली हातातील फोनने क्षणात छायाचित्र निघते आणि शंभर ओळखीच्यांपुढे जाते. वाहवा मिळू लागली की हात वाहवेसाठी चालू लागतो, आणि ज्या परीक्षकाला दारातून घालविले होते तो खिडकीतून परत येतो.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा रिकामपणाचा उद्योग आहे. पेपर मिलमधून पाळी संपवून आलेल्या कामगाराने, दिवसभर संसार ओढलेल्या गृहिणीने किंवा निवृत्त झालेल्या कारकुनाने वहीत पाने डकवून काय मिळवावयाचे? पैसा मिळत नाही, हे खरे. परंतु दिवसभर दुसऱ्याच्या हिशोबाने चाललेल्या हाताला पाव तास स्वतःच्या मर्जीने चालता येते, आणि कालपर्यंत न पाहिलेली गोष्ट डोळ्यांना दिसू लागते. ऐनाच्या सालीवरून एकदा पेन्सिल फिरविणारा मनुष्य त्या झाडाखालून पुन्हा डोळे मिटून जाणार नाही. घरात मूल असेल, तर लाभ दुप्पट आहे. बाप चुकीची रेघ ओढतो आणि हसतो, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला चुकीचे भय कमी वाटते.

या भागातील मानवेल बांबूला फुलोरा येतो तो कित्येक दशकांनी, आणि फुललेली बेटे त्यानंतर वाळून जातात. ज्यांनी त्या फुलोऱ्याचीच वाट पाहिली, त्यांचे अर्धे आयुष्य वाट पाहण्यात जाते. परंतु त्याच बेटात दर पावसाळ्यात जमिनीतून नवे कोंब वर येतात, आणि टोपल्या, कुडाच्या भिंती, कागद हे सारे त्या कोंबांच्याच वाढीतून होते. स्फूर्तीचेही तसेच आहे. फुलोरा येईल तेव्हा येवो. आज संध्याकाळी घरातील एखादी अर्धी कोरी वही काढावी, पहिल्या पानावर तारीख घालावी, आणि हाताशी जो कागदाचा तुकडा असेल तो चिकटवून मोकळे व्हावे.