आकाशातील लोखंडाचा माग



ताडोबाच्या पाणवठ्यावर वाघ दरवेळी दिसतोच असे नाही. पण ओल्या मातीतला माग पाहून जाणता माणूस सांगतो, "वाघ इथून गेला." दीर्घिकांमधल्या तप्त वायूचा शोध असाच मागावरून लागला.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे गाव. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका. काही ठिकाणी शेकडो दीर्घिकांची दाट वस्ती असते. हिवाळ्यात कृत्तिकांच्या उत्तरेला ययाती हा तारकासमूह दिसतो. त्याच दिशेला, पण त्या ताऱ्यांच्याही फार पलीकडे, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर अशी एक वस्ती आहे. साध्या दुर्बिणीतून पाहिले तर तिच्या दीर्घिकांमधली जागा रिकामी दिसते.

मग तिथे वायू आहे हे कळले कसे? लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. ताप वाढला की उजेड बदलतो. ताप कोटी अंशांवर गेला, की वायूतून क्ष-किरण निघतात. दवाखान्यात हाडांचा फोटो काढतात, तेच हे किरण. आकाशातून येणारे क्ष-किरण आपली हवा अडवते, म्हणून यंत्रे हवेच्या वर न्यावी लागतात. १९७० साली केनियाच्या किनाऱ्याजवळून सोडलेल्या 'उहुरू' उपग्रहाला अशा वस्त्यांमध्ये दूरवर पसरलेले क्ष-किरण आढळले. ययातीच्या दिशेच्या वस्तीतला वायू सुमारे सात कोटी अंश तापलेला आहे.

"मग तिथे सारे जळून का जात नाही?" गुरुजी, मुले हे विचारतीलच. त्यांना सांगा, तो वायू अतिशय विरळ आहे. बहुतेक ठिकाणी लिटरभर जागेत मोजकेच कण. पण जागा इतकी अफाट, की त्याचे एकूण वस्तुमान तिथल्या साऱ्या ताऱ्यांच्या कित्येक पट भरते.

१९७६ साली ब्रिटनच्या 'एरियल-५' उपग्रहाला याच वायूत लोखंडाची खूण सापडली. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक शक्तीचे क्ष-किरण सोडते. त्यावरून ते ओळखता येते. लोखंड तयार होते ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत. म्हणजे ताऱ्यांनी उधळलेला माल गावांबाहेर, रानोमाळ पसरला आहे. सुरजागडच्या आणि लोहाऱ्याच्या डोंगरांतले लोखंडही, सूर्य जन्मण्यापूर्वी, अशाच ताऱ्यांत घडले.

आपल्या देशानेही २८ सप्टेंबर २०१५ रोजी 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रह सोडला. त्यावरची एक क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली.

तेव्हा गुरुजी, थंडीतल्या एखाद्या निरभ्र रात्री मुलांना कृत्तिका दाखवा, तिथून उत्तरेकडे बोट न्या आणि सांगा, की आपल्या विळ्यात आहे तेच लोखंड तिकडेही आहे.