साठी सारखी, हिशेब वेगळा
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



बीदर-कलबुर्गीकडच्या मराठी घरांतून सरकारी खात्यात गेलेली माणसं पुष्कळ. आम्ही त्यांतलेच, डिप्लोमा करून लागलेले. निवृत्तीत बाई आणि पुरुष समान आहेत का, असा विषय मंडळानं दिला. वयापुरतं उत्तर सोपं आहे. कर्नाटक सरकारच्या नोकरीत दोघांनाही 60.

हे पूर्वीपासून सगळीकडे असंच होतं, असं मात्र नाही. एअर इंडियात हवाई सुंदरींना 35 व्या वर्षी निवृत्त करत, त्याच विमानातले पुरुष पर्सर 58 पर्यंत राहत. पहिल्या गरोदरपणात तर नोकरीच जाई. 1981 साली सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट काढली. निवृत्तीचं वय मात्र पुरुषांएवढं केलं नाही, 45 पर्यंतच ठेवलं!

आमच्याकडे वय समान आहे, पण पेन्शन मोजतात सेवेच्या वर्षांवर. 1 एप्रिल 2006 नंतर लागलेल्यांचं तर जेवढी वर्षं कपात, तेवढीच पुंजी. मुलं मोठी झाल्यावर नोकरीला लागलेली, सासूच्या आजारपणात बिनपगारी रजा काढलेली बाई साठीला पोचते, पण हाती कमी येतं. अंगणवाडीच्या ताईंची वर्षं तर सेवा म्हणून धरतच नव्हते, त्यांना पगार नव्हे, मानधन. गुजरातच्या एका प्रकरणात 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यांनाही तेव्हाच्या 1972 च्या कायद्यानं ग्रॅच्युइटी लागू आहे. म्हणजे पुऱ्या केलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचं वेतन. आपल्या गल्लीतल्या ताईंना हे जरूर सांगा.

आता आपल्या घरातली गोष्ट. बेळगाव जिल्ह्यात कुडचीच्या बाजार समितीचे सचिव नोकरीत असताना वारले. त्यांच्या लेकीनं अनुकंपा नोकरीसाठी अर्ज केला. तो नाकारला, कारण तिचं लग्न झालेलं. 1996 च्या नियमांत मुलाच्या लग्नाचा प्रश्नच नव्हता, मुलगी मात्र अविवाहितच हवी. डिसेंबर 2020 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं तो 'अविवाहित' शब्द काढून टाकला. 2021 मध्ये सरकारनं नियम बदलले आणि विवाहित मुलगीही कुटुंबात आली.

पण पुढची ओळ वाचा. वारस मृतावर अवलंबून आणि त्याच्याजवळ राहणारा हवा. अट मुलालाही तीच आहे, हे खरं. पण लग्न करून घर सोडतं कोण? आपल्या भालकी-औरादच्या लेकी उदगीर, लातूर, सोलापूरला दिलेल्या. जावई गेला म्हणून किंवा पटलं नाही म्हणून माहेरी परतलेली लेक वडिलांच्या पगारावर जगते; रेशनकार्डावर आणि आधारवर पत्ता मात्र सासरचाच, तोही महाराष्ट्रातला. वडिलांच्या माघारी ती इथंच राहत होती हे दाखवणार कशानं? लोक काय म्हणतील म्हणून पत्ता बदलायचं आपणच टाळतो. ते काम वडील नोकरीत असतानाच उरका.

आणि अर्जाची मुदत मृत्यूच्या तारखेपासून एक वर्ष. आपल्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात हा विषय कुणी काढत नाही, आणि काढतात तेव्हा मुदत संपलेली असते.